मतपेटीचा डाव आणि समाजाचा निर्धार

निवडणुकांचे निकाल लागले की आपल्याकडे एक चर्चा हमखास सुरू होते. जिंकलेला पक्ष जनादेशाची भाषा बोलतो आणि हरलेला पक्ष मतांच्या टक्केवारीचा हिशेब मांडू लागतो. इतकी टक्के मते मिळूनही जागा एवढ्या कमी कशा, हा त्याचा सवाल असतो आणि त्यातूनच निवडणूक पद्धती बदलण्याची मागणी पुढे येते. ही मागणी करणाऱ्यांत सर्व रंगांचे पक्ष आहेत आणि सत्ता हाती येताच ती विसरणाऱ्यांतही सर्व रंगांचे पक्ष आहेत. पक्षीय सोयीपलीकडे जाऊन या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक तो व्हायला हवा. मत मोजण्याची पद्धत बदलली की समाजाचे मन बदलते काय? राज्यकर्त्यांनी हेतुपुरस्सर आणलेली पद्धत एखाद्या जागृत समाजाला फोडू शकते काय? आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांशी कसे वागावे, याचे काही भान पद्धतीतून येते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायची असतील तर १९२० सालच्या आयर्लंडकडे पाहिले पाहिजे. त्या वर्षीच्या जून महिन्यात तेथील काउंटी कौन्सिलांच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांशी साधर्म्य असलेल्या संस्थांच्या निवडणुका प्रथमच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने झाल्या. त्यांची कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

आयर्लंड हा आपल्या राष्ट्रीय चळवळीला परका देश नव्हता. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द त्यांनी आयरिश लढ्यातूनच उचलला होता. एकाच साम्राज्याच्या जोखडाखाली असलेल्या या दोन देशांतील देशभक्त एकमेकांच्या लढ्याकडे लक्ष ठेवून असत. तेथे १९०५ साली आर्थर ग्रिफिथ यांनी ‘शिन फेन’चा विचार मांडला. या आयरिश शब्दांचा अर्थ ‘आम्ही स्वतः’ असा आहे. स्वभाषा, स्वदेशी उद्योग, स्वतःच्या संस्था आणि परकीय संसदेवर बहिष्कार हे त्या विचाराचे सूत्र होते. त्याच वर्षी बंगालच्या फाळणीविरुद्ध भारतात स्वदेशीचे आंदोलन उभे राहिले होते. पारतंत्र्यातील समाज जागे होऊ लागले की त्यांना एकसारखेच शब्द सुचतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

डिसेंबर १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत शिन फेनने आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा जिंकल्या. पिढ्यान् पिढ्या लंडनच्या संसदेत अर्जविनंत्या करीत राहिलेला जुना संसदीय पक्ष सहा जागांवर आला. निवडून आलेल्या शिन फेनच्या सदस्यांनी लंडनला जाण्यास नकार दिला आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतःची लोकसभा, ‘डॉयल’, भरवून स्वातंत्र्याची घोषणा केली. ही घटना साम्राज्याच्या मर्मावर घाव घालणारी होती. लंडनमधील राज्यकर्त्यांनी दडपशाही तर आरंभलीच. पण त्यासोबत त्यांनी एक सूक्ष्म उपायही योजला. तो उपाय म्हणजे मत मोजण्याच्या पद्धतीत बदल.

यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. सर्वाधिक मते मिळवणारा एक उमेदवार विजयी, या रूढ पद्धतीत विखुरलेल्या विरोधकांचा धुव्वा उडतो. १९१८ मध्ये नेमके तेच झाले होते. ज्या जागांवर मतदान झाले, तेथे शिन फेनला मिळालेली मते निम्म्यापेक्षा थोडी कमी होती. जागा मात्र सत्तर टक्के मिळाल्या. तेव्हा प्रत्येक गटाला त्याच्या मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणली, तर शिन फेनचा एकछत्री अंमल मोडेल. जुने राष्ट्रवादी, मजूर, व्यापारी, करदात्यांचे संघ आणि ब्रिटिशनिष्ठ युनियनिस्ट यांना आपापला वाटा मिळेल आणि ‘सारा आयर्लंड स्वातंत्र्य मागतो’ या दाव्यातील हवा निघून जाईल, असा हा हिशेब होता. स्लायगो या गावाच्या नगरपालिकेत १५ जानेवारी १९१९ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. २४ जागांपैकी करदात्यांच्या संघाला आठ, शिन फेनला सात, मजुरांना पाच आणि अपक्षांना चार जागा मिळाल्या. अवघ्या महिन्याभरापूर्वी अजिंक्य वाटलेला पक्ष दुसऱ्या क्रमांकावर गेला. राज्यकर्ते हरखले. त्याच वर्षी कायदा संमत होऊन ही पद्धत साऱ्या आयर्लंडमधील स्थानिक संस्थांना लागू झाली. इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांना मात्र ती लागू करण्याची गरज कोणाला वाटली नाही. पद्धत न्याय्य होती, तर ती स्वतःच्या घरी का नको? या एका प्रश्नातच तिच्यामागचा हेतू उघड होतो.

ही पद्धत म्हणजे एकल संक्रमणीय मताची पद्धत. महाराष्ट्रातील जागरूक वाचकाला ती अगदीच अनोळखी नाही. आपल्या राज्यसभेचे सदस्य विधानसभेचे आमदार याच पद्धतीने निवडून देतात. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी झालेली चुरस अनेकांना आठवत असेल. पहिल्या पसंतीच्या मतांत मागे असलेला उमेदवार दुसऱ्या पसंतीच्या मतांच्या बळावर विजयी झाला होता. आयर्लंडमध्ये हाच अधिकार सामान्य मतदाराला मिळाला. एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडायचे. मतदाराने उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. समजा पाच जागा आहेत आणि सहा हजार वैध मते पडली; तर सहा हजारांना जागांपेक्षा एकाने अधिक, म्हणजे सहाने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा. १००१ मते मिळवणारा निवडून आला. त्याची जादा मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मतेही पुढे जातात. मत सहसा वाया जात नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

राज्यकर्त्यांच्या या डावाला शिन फेनने कसा प्रतिसाद दिला, हे पाहणे उद्बोधक आहे. ही पद्धत आपल्याविरुद्ध योजली आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तरीही त्यांनी तिच्याविरुद्ध आकांडतांडव केले नाही. ग्रिफिथ स्वतः या पद्धतीचे जुने पुरस्कर्ते होते. १९११ साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या प्रचारासाठी आयर्लंडमध्ये निघालेल्या संस्थेत त्यांचा सहभाग होता. स्वतंत्र आयर्लंडमध्ये अल्पसंख्य युनियनिस्टांनाही योग्य स्थान मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. जे तत्त्व आपण न्याय्य मानले, ते शत्रूने आपल्याविरुद्ध वापरले म्हणून अन्याय्य ठरत नाही, एवढी वैचारिक प्रामाणिकता त्यांच्यापाशी होती. नियम कोणताही असो, आपण समाजाच्या बळावर जिंकू, हा त्यांचा विश्वास होता.

पहिली कसोटी जानेवारी १९२० मध्ये शहरांत लागली. सुमारे अठराशे जागांपैकी शिन फेनला ५५० मिळाल्या. मजुरांना ३९४ आणि युनियनिस्टांना ३५५. नुसते आकडे पाहिले तर राज्यकर्त्यांचा हिशेब बरोबर ठरला असेच वाटेल. परंतु मजूर आणि जुने राष्ट्रवादी यांच्यातील अनेकांनी स्वराज्याच्या प्रश्नावर शिन फेनच्या खांद्याला खांदा लावला. मते विभागली गेली. मन विभागले गेले नाही. पुढे जूनमध्ये ग्रामीण भागातील काउंटी कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या आणि उरलासुरला संशयही फिटला. अँट्रिम, डाऊन, आर्मा आणि लंडनडेरी या ईशान्येकडील चार काउंटी युनियनिस्टांकडे राहिल्या. बाकी साऱ्या आयर्लंडमध्ये काउंटी कौन्सिले शिन फेनच्या किंवा राष्ट्रवादी बहुमताच्या हाती गेली. अल्स्टर प्रांतातील टायरोन आणि फर्मॅना या ज्या दोन काउंटींवर युनियनिस्ट आपला हक्क सांगत होते, तेथेही राष्ट्रवाद्यांचेच बहुमत आले. अनेक जागी विरोधात कोणी उभेच राहिले नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्यामागे लोकमताची लाट होती, तसे त्या अशांत काळातील भयाचे सावटही होते. पण दबाव दोन्ही बाजूंनी होता आणि सैन्य, पोलीस व तुरुंग राज्यकर्त्यांच्या ताब्यात होते, हे विसरून चालणार नाही.

डाव का फसला? पद्धतीत काही दोष होता म्हणून नव्हे. तिने आपले काम चोख केले. प्रत्येक मताला त्याचे मोल दिले. राज्यकर्त्यांची चूक निराळी होती. समाजात दिसणारी विविधता म्हणजेच फूट, असा त्यांनी समज करून घेतला. शेतकरी, मजूर, व्यापारी यांचे हितसंबंध भिन्न असतात. म्हणून त्यांचे राष्ट्रही भिन्न असते असे नाही. मतमोजणी ही तराजूसारखी असते. तराजू वजन दाखवतो, वजन निर्माण करीत नाही. ते वजन आयर्लंडमध्ये गेली काही दशके निर्माण होत होते. गावोगावच्या आयरिश भाषेच्या वर्गांत, देशी खेळांच्या मैदानांवर, सहकारी दूध संघांत आणि अखेर डॉयलने उभारलेल्या लोकन्यायालयांत ते साठत गेले. निवडणुकीच्या दिवशी ते केवळ मोजले गेले. समाजसंघटनेचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे सूत्र मनावर कोरून ठेवावे असे आहे. मतदानाच्या आधीच्या पंधरा दिवसांत जे घडते, त्याची मुळे मतदानाआधीच्या पंधरा वर्षांत असतात.

मात्र या कथेतील खरी परीक्षा विजयानंतर सुरू झाली. नव्या काउंटी कौन्सिलांनी डॉयलशी निष्ठा जाहीर केली. ब्रिटिश प्रशासनाने जुलै १९२० मध्ये बजावले की, हिशेब आमच्या लेखापरीक्षकांना दाखवा आणि आमचे आदेश पाळण्याची हमी द्या. अन्यथा अनुदान बंद. काउंटी कौन्सिल म्हणजे रस्ते, रुग्णालये, मनोरुग्णालये, निराधारांची सोय. सरकारी अनुदानाविना हा गाडा ओढायचा कसा? तरीही बहुतेक कौन्सिलांनी नकार दिला. डॉयलच्या स्थानिक शासन खात्याचे मंत्री विल्यम कॉसग्रेव्ह आणि त्यांचे तरुण सहकारी केव्हिन ओ’हिगिन्स यांनी भूमिगत अवस्थेत राहून हे काम चालवले. खर्चात कपात झाली, गरिबांना डांबून ठेवणारी जुनी आश्रयगृहे बंद करून काउंटीवार नव्या योजना आखल्या गेल्या. स्थानिक कर गोळा करणे हे तर सर्वांत अवघड आणि अप्रिय काम होते. पण तेही करावे लागले. स्वातंत्र्याच्या घोषणा देणारा जमाव आणि स्वतःच्या राज्यासाठी कर भरणारा समाज यांत फार अंतर आहे. ते अंतर कापण्याचे शिक्षण आयरिश जनतेला या काउंटी कौन्सिलांनी दिले. परसत्ता अजून डोक्यावर असतानाच स्वराज्याचा कारभार स्थानिक पातळीवर चालू झाला होता.

याची किंमतही मोठी होती. कॉर्कचे नवनिर्वाचित महापौर टोमास मॅककर्टन यांना २० मार्च १९२० रोजी त्यांच्याच घरात गोळ्या घालण्यात आल्या. मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्युरीने त्याबद्दल ब्रिटिश पोलीस आणि पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना दोषी धरले. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅक्स्विनी यांना ऑगस्टमध्ये अटक झाली. ७४ दिवसांच्या अन्नत्यागानंतर २५ ऑक्टोबर १९२० रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात त्यांनी देह ठेवला. नऊ वर्षांनंतर लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर प्राणार्पण केले, तेव्हा मॅक्स्विनी यांच्या कुटुंबीयांनी आयर्लंडमधून शोकसंदेश पाठवला होता. एका शहराचा महापौर आणि एक भारतीय क्रांतिकारक यांना जोडणारा हा धागा आहे. महापौरपद हे मिरवण्याचे पद नाही, प्रसंगी ते प्राणांचे मोल मागते, हे आज स्थानिक संस्थांत निवडून जाणाऱ्या प्रत्येकाने आठवावे.

आता या कथेची दुसरी बाजू. ज्या पद्धतीने शिन फेनचे बळ सिद्ध केले, तिनेच अल्पसंख्यांनाही आवाज दिला. साठ सदस्यांच्या बेलफास्ट महापालिकेत युनियनिस्टांचे बहुमत कायम राहिले. पण मजूर आणि राष्ट्रवादी सदस्यही आत आले. १६८९ च्या वेढ्याची स्मृती जपणाऱ्या, प्रोटेस्टंटांना पवित्र वाटणाऱ्या डेरी शहरात दोन शतकांहून अधिक काळानंतर प्रथमच कॅथॉलिक महापौर झाला. दक्षिणेतही जेथे युनियनिस्टांची पुरेशी मते होती, तेथे त्यांना जागा मिळाल्या. हे सारे घडले ते मतदारांच्या याद्या धर्मानुसार न फोडता. आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. याच ब्रिटिश राज्यकर्त्यांनी १९०९ साली भारतात मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मतदार आधी एका संप्रदायाचा आणि नंतर देशाचा, हे तत्त्व त्यांनी कायद्यात लिहिले. त्या विषवृक्षाची फळे १९४७ साली आपल्या पदरात पडली. अल्पसंख्यांना प्रतिनिधित्व देण्याचा दुसरा मार्ग राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही. आयर्लंडमध्ये तो त्यांनी स्वतःच वापरला. एकाच मतपत्रिकेवर सर्वांची नावे, प्रत्येकाला सर्वांची मते मागण्याची मुभा आणि प्रत्येक गटाला त्याच्या बळाइतकी जागा. शेजाऱ्याच्या दुसऱ्या पसंतीची गरज असलेला उमेदवार शेजाऱ्याला शिव्या देऊन निवडून येऊ शकत नाही. विभक्त मतदारसंघातील उमेदवाराला मात्र शेजाऱ्याच्या मताची गरजच उरत नाही. किंबहुना शेजाऱ्याचा द्वेष हेच त्याचे भांडवल होते.

पण नुसती पद्धत पुरेशी नसते, हेही आयर्लंडनेच दाखवले. १९२१ साली देशाची फाळणी झाली आणि उत्तरेकडील सहा काउंटी ब्रिटनबरोबर राहिल्या. टायरोन आणि फर्मॅना या कौन्सिलांनी डब्लिनशी निष्ठा जाहीर केली, म्हणून त्या बरखास्त झाल्या. १९२२ मध्ये उत्तरेच्या युनियनिस्ट सरकारने स्थानिक निवडणुकांतील प्रमाणशीर पद्धत रद्द केली आणि पाठोपाठ मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या. १९२९ साली त्यांच्या संसदेच्या निवडणुकीतूनही ती पद्धत गेली. परिणाम काय झाला? डेरी शहराचा १९६७ चा हिशेब पाहावा. १९६९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या कॅमेरॉन आयोगाने तो अहवालात नोंदवला आहे. शहरात कॅथॉलिक मतदार १४,४२९ आणि इतर ८,७८१. पण दहा हजार कॅथॉलिक मतदार एका दक्षिण प्रभागात कोंबलेले, तेथून आठ सदस्य. उरलेल्या दोन प्रभागांत युनियनिस्टांचे बेताचे बहुमत, तेथून बारा सदस्य. बहुसंख्य मतदारांना आठ जागा आणि अल्पसंख्यांना बारा! घरे आणि नोकऱ्यांचे वाटप याच महापालिकेच्या हाती. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी याच डेरीच्या रस्त्यावर नागरी हक्कांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या आणि तीस वर्षांच्या रक्तपाताचे पर्व सुरू झाले. अखेर १९७३ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी तीच प्रमाणशीर पद्धत पुन्हा आणावी लागली. पन्नास वर्षे आणि असंख्य बळी, एवढी किंमत मोजून समाज जेथून निघाला तेथेच परत आला.

जिंकलेल्याने नियम आपल्या सोयीने वाकवले की पुढच्या काही निवडणुका जिंकता येतात, पण समाज गमावला जातो. उत्तरेचे युनियनिस्ट त्यांच्या सहा काउंटींत बहुसंख्य होतेच. प्रमाणशीर पद्धतीतही सत्ता त्यांचीच राहिली असती. तरीही भयापोटी त्यांनी विरोधकाचा आवाज दाबला. बहुसंख्य समाज जेव्हा स्वतःच्या बळावर विश्वास ठेवतो, तेव्हा तो उदार होतो. जेव्हा तो भयगंडाने ग्रासला जातो, तेव्हा तो कारस्थान करतो. हिंदू समाजाच्या संघटनेचे ध्येय उराशी बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून घेण्याजोगा बोध आहे. संघटन हवे ते आत्मविश्वासासाठी. आणि आत्मविश्वास हवा तो न्यायाने वागता यावे यासाठी.

दक्षिणेतील स्वतंत्र आयर्लंडने मात्र, ज्या पद्धतीला जन्म देताना राज्यकर्त्यांचा हेतू कुटिल होता, ती आपली म्हणून स्वीकारली. १९३७ च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले. पुढे सत्ताधारी फियाना फॉल पक्षाला ती अडचणीची वाटू लागली. १९५९ आणि १९६८ अशी दोनदा जनमत चाचणी घेऊन ती रद्द करण्याचा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा जनतेने तो फेटाळला. १९५९ मध्ये तर एकाच दिवशी मतदारांनी इमॉन डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्षपदी निवडून दिले आणि त्यांच्याच पक्षाचा पद्धत बदलण्याचा प्रस्ताव नाकारला. नेत्यावरील श्रद्धा आणि नियमाविषयीचा विवेक या दोन्ही गोष्टी मतदार स्वतंत्रपणे बाळगू शकतो, याचे याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण आहे. आजही तेथील ३१ स्थानिक परिषदांच्या ९४९ जागा याच पद्धतीने भरल्या जातात. ७ जून २०२४ रोजी अशीच निवडणूक झाली.

या कथेचा एक धागा थेट आपल्या कोकणापर्यंत येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड नावाचे गाव आहे. तेथील मूळ असलेल्या डॉक्टर वडिलांचा मुलगा लिओ वराडकर याने १९९९ साली डब्लिनजवळ स्थानिक निवडणूक लढवली आणि तो हरला. २००४ मध्ये तो फिंगल काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत पुन्हा उभा राहिला आणि पहिल्या पसंतीची ४,८९४ मते मिळवून विजयी झाला. २०१७ मध्ये तो आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या अखेरीस आपल्या कुटुंबासह वराडला येऊन गेला. त्याच्या सर्वच विचारांशी आपण सहमत असू असे नाही. पण परक्या देशात स्थलांतरिताच्या मुलाला सार्वजनिक जीवनाचे दार उघडले ते काउंटी कौन्सिलने, ही नोंद घेण्यासारखी आहे.

मग ही पद्धत भारतानेही स्वीकारावी काय? घटना समितीत हा प्रश्न उपस्थित झाला होता. जानेवारी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना अमान्य केली. ही पद्धत वापरण्यासाठी मतदारांत व्यापक साक्षरता हवी आणि देशाला स्थिर सरकार हवे, ही त्यांची कारणे होती. स्थैर्याचा मुद्दा आजही तितकाच सार्थ आहे. जाती, पोटजाती आणि प्रांत यांच्या नावाने पक्ष काढण्याची हौस असलेल्या देशात केंद्र सरकार तुकड्यातुकड्यांच्या आघाडीवर लोंबकळत ठेवणे परवडणारे नाही. आघाड्यांच्या राजकारणाचा अनुभव आपण १९८९ ते १९९९ या दशकात पुरेपूर घेतला आहे. तेव्हा लोकसभा आणि विधानसभांच्या बाबतीत बाबासाहेबांचा निर्णय शहाणपणाचा होता, असेच आमचे मत आहे.

स्थानिक संस्थांची गोष्ट काहीशी निराळी आहे. तेथे देशाचे सरकार पडण्याचा प्रश्न नसतो. रस्ता, पाणी आणि शाळा यांचा प्रश्न असतो. तेथे विचार व्हायला हरकत नाही. मात्र महाराष्ट्रातील महापालिकांत २०१७ साली राबवलेली चार सदस्यांच्या प्रभागांची पद्धत म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तेथे मतदार चारही जागांसाठी स्वतंत्र मते देतो आणि ज्याचे प्रभागात बहुमत, तो चारही जागा घेऊन जातो. बाहेरून दिसायला आयर्लंडसारखी, पण परिणामाने नेमकी उलट! पद्धतीची नावे नव्हे, तर तिचे अंतरंग तपासण्याची सवय मतदारांना आणि कार्यकर्त्यांना लागली पाहिजे. प्रभाग कसे पाडले, का पाडले आणि ते कोणाच्या सोयीचे, हे प्रश्न आपला पक्ष सत्तेवर असतानाही विचारता आले पाहिजेत. डेरीच्या प्रभागांनी काय केले ते आपण पाहिले.

जून १९२० मध्ये आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतील मतदाराने राज्यकर्त्यांनी दिलेली मतपत्रिका घेतली, त्यांनीच ठरवलेल्या नियमाने तिच्यावर आकडे लिहिले आणि त्यांनाच निरुत्तर केले. त्याने हे करू शकावे यासाठी कोणीतरी आधी अनेक वर्षे गावोगाव फिरले होते, भाषा शिकवली होती, मैदाने भरवली होती, तंटे सोडवले होते. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. कोणत्याही देशात निवडणुका येतात आणि जातात, पद्धती बदलतात, प्रभाग बदलतात. समाजात नित्य राबणाऱ्या अशा अनाम कार्यकर्त्यांचे काम मात्र बदलत नाही. ते नीट झाले असेल तर मतपेटीचा कोणताही डाव राष्ट्रावर उलटत नाही. आणि ते झालेले नसेल, तर सर्वोत्तम पद्धतही त्या राष्ट्राला वाचवू शकत नाही.